घरी उघडली होती का?

चेतक स्कूटर चालू झाली नाही, की ती आधी डावीकडे कलवायची. का, ते विचारायचं नाही. माझे वडील कलवायचे, समोरचे बँकवाले काका कलवायचे, मंगल कार्यालयाबाहेर सुटाबुटातला वरपितासुद्धा कलवायचा. कलवायची, सरळ करायची आणि एक किक. चालू झाली तर शहाणी माणसं निघून जायची, नाही झाली तर ढकलत मेस्त्रीकडे न्यायची. माझ्यासारखी माणसं मात्र तिथेच खाली बसायची आणि इंजिनावरचं झाकण उघडायची.

माझ्या आयुष्यातल्या बऱ्याचशा अनर्थांचं मूळ त्या झाकणात आहे. त्याला पाना लागायचा नाही, स्क्रू नाही, काही नाही. एक खिटी फिरवली की ते फुगीर पत्र्याचं झाकण हातात यायचं आणि समोर अख्खं इंजिन उघडं. एक सिलिंडर, 57 मिलिमीटरचा व्यास, तेवढाच पिस्टनचा स्ट्रोक, गुणाकार केला तर 145 सीसीच्या थोडं वर. हा गुणाकार मी स्वतः करून पाहिला होता, आणि तो बरोबर आल्यामुळे इंजिन आपल्याला कळतं असा माझा समज झाला. गणिताच्या मास्तराचे असे समज लवकर होतात.

गाडी वडिलांची. आकुर्डीच्या कारखान्यात 1972 साली चेतक निघू लागली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. पण घोडा दारात यायला बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. वडिलांचा नंबर लागला तेव्हा पेढे वाटले होते. पुढे ती माझ्या हवाली करताना त्यांनी किल्ली दिली, पुस्तिका दिली आणि एकच वाक्य बोलले, "चालव. उघडू नकोस."

पुस्तिका दिली नसती तरी चाललं असतं. तिच्यात आकृत्या होत्या.

पैसे वाचवण्यासाठी मी हे करायचो असं मी सगळ्यांना सांगत असे. खोटं आहे ते. वाचलेल्या मजुरीच्या दुप्पट पैसे मी पॉलिश पेपर, पाने आणि हात पुसायच्या टॉवेलांत घातले. (सोलापुरात राहून नवा कोरा टेरी टॉवेल ग्रीसला लावणारा माणूस मीच. या गावात तो गुन्हा आहे, आणि घरात त्याला शिक्षाही आहे.) खरं कारण वेगळंच होतं. गॅरेजमध्ये मेस्त्री जेव्हा "पॉइंट गेलाय" किंवा "जेट चोक आहे" म्हणतो, तेव्हा मान डोलवणाऱ्यांत मला बसायचं नव्हतं. मला "हो, मलाही तीच शंका होती" असं म्हणायचं होतं. एवढ्या एका वाक्यासाठी मी काय काय उघडलं!

सुरुवात ऑइलपासून झाली. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळं नसतं. पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळायचं, लिटरला 20 मिलीच्या हिशोबाने, आणि ते पेट्रोलबरोबरच जळून जातं. मी विचार केला, 20 मिलीने इंजिन चालतं तर 40 मिलीने ते सुखात राहील. तूप जास्त झालं म्हणून पुरणपोळी बिघडल्याचं कुणी ऐकलंय? मी पंपावर वर मापभर ऑइल मागून घेऊ लागलो. पंपावरचा पोरगा आदराने बघायचा. निदान मला तसं वाटायचं.

थोड्याच दिवसांत गाडीमागे असा पांढरा धूर निघायला लागला, की विजापूर रोडवरून मी गेलो की मागची माणसं काही वेळाने दिसायची. मग मिसिंग. मग किकवर किक. प्लग काढून पाहिला तर काळा आणि ओला. दुप्पट ऑइलने दुसरं काय होणार? पण मी प्लगलाच दोष दिला. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, हॅक्सॉच्या पात्याने फट मापली, फुंकर मारली आणि परत बसवायला घेतला.

प्लग बसवताना आधी बोटांनी फिरवायचा असतो. चिमटीत धरून तो सरसर आत गेला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या आवळणीपुरता. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी पहिल्या आट्यापासूनच पाना लावला. थोडा अडला. मला वाटलं, घट्ट बसतोय, चांगलंच आहे. जोर लावला. प्लग पोलादाचा आणि इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, तेव्हा त्या झटापटीत कोण हरणार हे ठरलेलंच होतं. प्लग तिरका आत गेला आणि जाताना सगळे आटे घेऊन गेला. पुढच्या किकला तो फट्कन आवाज करून टोपणासकट बाहेर आला आणि तुळशीच्या कुंडीवर आपटला. आई आतून म्हणाली, "कोण आलंय रे?"

गाडी ढकलत अशोक चौकाच्या बाजूच्या गॅरेजात नेली. एप्रिलचं ऊन, पारा चाळिशीच्या वर, आणि चेतकचा पत्रा म्हणजे खराखुरा पत्रा. आजच्या गाड्यांसारखं प्लॅस्टिक नव्हे. मेस्त्री खाली बसले, प्लगच्या भोकात बोट घातलं, फिरवलं, आणि मान वर न करता विचारलं,

"सर, घरी उघडली होती का?"

"नाही हो. पोरांनी काहीतरी केलं असेल."

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती.

"पोरं ताकदवान हैत सर," मेस्त्री म्हणाले आणि मागच्या पोराला तेलुगूत काहीतरी बोलले. सोलापुरात ही एक अडचण आहे. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे दुसऱ्याला कळू नये म्हणून भाषा बदलायची सोय कुणालाच नाही. ते काय बोलले ते मला नीट कळलं. मी मात्र न कळल्यासारखा समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. हेड उतरवलं, लेथवर गेलं, नवा बुश बसला, नवे आटे पडले. त्या खर्चात किती प्लग आले असते, हा गुणाकार मी केला नाही.

एवढ्याने भागलं असतं. पण जादा ऑइलचा सगळा कार्बन सायलेन्सरमध्ये जाऊन बसला होता. गाडी चढाला दम टाकायची. यावर मेस्त्री लोक सायलेन्सर काढून जाळतात हे मी पाहिलं होतं. आत साठलेला तेलकट कार्बन पेटला की मोकळा होतो, मग ठोकून झटकला की काम झालं. यात आटे नव्हते, मापं नव्हती, पाना जवळजवळ नव्हता. लाकडं होती आणि काडेपेटी होती. चुकायला जागाच नव्हती.

अंगणात तीन विटा मांडल्या, लाकडं रचली, वर सायलेन्सर ठेवला. लाकडं पेटेनात म्हणून डब्यातलं जुनं, जळकं ऑइल ओतलं. मग पेटली. सकाळची वेळ, वारा मंद. धूर आधी सरळ वर गेला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीकडे वळला.

गच्चीवर कुरडया होत्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून शिजवून, सोऱ्याने घातलेल्या. स्वच्छ धुतलेल्या सोलापुरी चादरीवर ओळीने मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र, अजून ओलसर कुरडया. ओली कुरडई काय काय शोषून घेते, याचा अभ्यास त्या दिवशी झाला. मी सायलेन्सरकडे बघत होतो. त्याच्या तोंडातून आधी काळा, मग पिवळट, मग निळसर धूर येत होता. फार सुंदर प्रकार होता. वर कोण ओरडतंय ते मला उशिरा ऐकू आलं.

काकू रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. संध्याकाळी त्या कुरडईचा एक तुकडा घेऊन आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "बघ गं, यंदा नाचणीच्या केल्या का म्हणून विचारायलेत." बायकोने तेव्हाच गहू भिजत घातले. चौथ्या दिवशी पहाटे सोऱ्या दाबायला मला बसवलं. हात भरून आले, पण नळाला पाणी येण्याचा दिवस नव्हता; उजनीचं पाणी आमच्याकडे काही दिवसांआड येतं, आणि साठवलेल्यातलं बरंचसं मी सायलेन्सर धुण्यात घालवलेलं. तोही हिशोब त्या पहाटे चुकता झाला.

सायलेन्सर मात्र उत्तम साफ झाला होता. गाडी पळायला लागली. माझ्या हातून झालेली ही एकमेव यशस्वी दुरुस्ती, आणि तिची आजवर कुणी दखल घेतलेली नाही.

मॅग्नेटचं फार सांगत नाही. फ्लायव्हील काढायला खास पुलर लागतो. माझ्याकडे हातोडी होती. त्या फ्लायव्हीलवरच इंजिनाला हवा घालणाऱ्या पंख्याची पाती असतात, आणि ती ओतीव असल्यामुळे वाकत नाहीत, तुटतात. मेस्त्रींनी तुटलेली पाती मोजली, माझ्याकडे पाहिलं. "घरी..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मी म्हणालो, "पोरं." त्यांनी पोराला चहा सांगितला. दोन सांगितले. माणूस मनाचा मोठा.

तर गिअर. चेतकचे गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून मूठच फिरवायची. वर पहिला, मग न्यूट्रल, खाली दुसरा, तिसरा, चौथा. मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन तारा जातात. एक ओढली की गिअर एका दिशेला सरकतो, दुसरी ओढली की उलट दिशेला. त्यातली एक तुटली होती. एकच बदलायची, तर मी आता हात घातलाच आहे म्हणून दोन्ही काढल्या. काढताना कोणती कुठली हे लक्षात ठेवायला हवं, हेही माझ्या लक्षात होतं. म्हणून खडूने खुणा केल्या. मग तारांवर ग्रीस लावलं. खडू आणि ग्रीस यांचं काय होतं ते सांगायला नको.

बसवल्या, न्यूट्रलला जुळवल्या, ताण नीट दिला. मूठ मऊ फिरत होती. त्या संध्याकाळी मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता, होटगी रोडला. बायको भरजरी साडीत मागे बसली, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

तारा उलट लागल्या की काय होतं, ते मी आज फळ्यावर शिकवू शकेन. मूठ पहिल्यावर नेली की आत दुसरा पडतो. मूठ दुसऱ्यावर नेली की आत पहिला. त्यापुढे मूठ जातच नाही, कारण पहिल्याच्या पलीकडे आत काही नसतंच. गाडी सुटतानाच थरथरली, क्लचचा वास आला, पण सुटली. मला वाटलं, नव्या तारा आहेत, रुळतील. वेग आला तशी सात रस्त्याच्या आधी मी मूठ दुसऱ्यावर टाकली.

इंजिनाने किंकाळी फोडली. गाडी जागच्या जागी वाकल्यासारखी झाली, बायको माझ्या पाठीवर, पेढे माझ्या मानेवर. मला वाटलं वेग कमी पडतोय, म्हणून तिसरा टाकायला गेलो. मूठ हलेना. जोर लावला. मागचा रिक्षावाला शेजारी येऊन थांबला.

"ओ काका, काय करायलात? उलटं जायलात की सुलटं?"

त्याच्या तोंडून ते 'उलटं' ऐकलं आणि मला सगळं कळलं. मी बायकोला आनंदाने म्हणालो, "अगं, तारा उलट्या लागल्यात!" तिने केसांतून पेढा काढला. बोलली नाही.

पुढचा रस्ता मी मनातल्या मनात गणित करत कापला. सुटायला मूठ दुसऱ्यावर, मग वेग आला की पहिल्यावर, बस, दोनच गिअर. सायकलवाले मागे टाकून गेले. एक मात्र आहे: ही स्कूटर त्या अवस्थेत कुणी चोरली असती, तर चोर पार्क चौकापर्यंतसुद्धा पोहोचला नसता. हे मी तिला तेव्हाच सांगितलं. सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी गाडीवर बसून मूठ फिरवली, उतरले, आणि काही विचारलंच नाही. नुसतं म्हणाले, "पोरं मोठी झाली असतील आता." मुलगी दहावीला होती.

2020 साली चेतक हे नाव परत आलं, या वेळी विजेवर चालणाऱ्या स्कूटरला. पुढे मुलीनेच ती घ्यायचं ठरवलं आणि आम्ही दोघं तिच्याबरोबर शोरूममध्ये गेलो. पत्रा तसाच गुळगुळीत, फुगीर. मी दोन्ही बाजूंनी हात फिरवला. खिटी नाही. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, क्लच नाही, गिअरच्या तारा नाहीत, सायलेन्सर नाही, किक नाही. तिथला मुलगा बॅटरीबद्दल, चार्जिंगबद्दल पाठ केल्यासारखं बोलत होता. शेवटी म्हणाला, "सर, तुम्हाला काही विचारायचंय?"

"उघडते कुठून?"

"उघडायची गरजच नाही, सर."

बायकोने पर्स मिटली आणि खुर्ची पुढे ओढली. "घरी उघडली तर वॉरंटी जाते का, ते आधी सांगा," ती म्हणाली. त्याने कागद काढून ते कलम दाखवलं. तिने मोठ्याने वाचून घेतलं, पेन मागितलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मुलगा गोंधळून म्हणाला, "मॅडम, इथे सरांची सही लागत नाही."

"आम्हाला लागते," मुलगी म्हणाली.