सण सरकारमान्य, सुट्टी कुणाला?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने 2024 मध्ये दिवाळीला अधिकृत सणाचा दर्जा दिला. बातमी इकडे पोचली आणि फोनाफोनावर अभिमान ओसंडून वाहिला. कायद्यात मात्र त्या दिवशी शाळा, कचेऱ्या बंद ठेवण्याची सक्ती कुठेच नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा त्याच्या आदल्या वर्षी झाला, त्याचा गाजावाजा खरं तर जास्त व्हायला हवा होता. तिथे निदान पोरं लक्ष्मीपूजनाला घरी असतात.

सरकारने आपला सण मानला की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: त्या दिवशी कामावर न जाता पगार मिळतो का?

या कसोटीवर मॉरिशस उतरतं. तिथे गणेश चतुर्थी ही राष्ट्रीय सार्वजनिक सुट्टी आहे. तिथली मराठी माणसं म्हणजे उसाच्या मळ्यांवर राबायला करारावर नेलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज. त्या देशात मराठी समाज मूठभर, त्यांच्या मतांवर कुणाचं सरकार येत नाही की पडत नाही. तरी वर्षाच्या पंधरा सुट्ट्यांमध्ये त्यांच्या गणपतीची एक आहे. तमिळांची कावडी, तेलुगूंची उगादी, चिन्यांचा वसंतोत्सव, मुसलमानांची ईद त्याच यादीत. कॅथलिकांना नाताळ दर वर्षी मिळतो, पण त्यांचे आणखी दोन सण आळीपाळीने येतात, एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरा. होळीला यादीत जागाच नाही. आणि उगादी म्हणजे आपला पाडवा, तेव्हा गुढी उभारायलाही मराठी माणूस घरी असतो. यादी लांबवत न्यायची नाही, पण प्रत्येकाला त्यात काहीतरी द्यायचं, हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तारखेत आहे. 2023 मध्ये चतुर्थी होती 19 सप्टेंबरला, मॉरिशसची सुट्टी 20 ला. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला, सुट्टी 28 ला. ही चूक नव्हे. तिथे बहुतेक गणपती दीड दिवसाचे, आणि सुट्टी विसर्जनाच्या दिवशी. स्थापना पहाटे उठून, कामावर जायच्या आधी उरकता येते. विसर्जन नाही उरकता येत. मूर्ती उचलायला माणसं लागतात, मिरवणूक नदीपर्यंत किंवा समुद्रापर्यंत न्यायची असते, आणि वाटेत झाकरी असते. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडीच. ढोलकी, झांजा, गोल धरून नाचणारी माणसं. दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला, समुद्र मध्ये आला, तरी ती टिकली. नाचायला माणूस मोकळा हवा आणि त्याचा त्या दिवसाचा पगार शाबूत हवा, एवढं तिथल्या सरकारला कळलं. त्या दिवशीही कुणाला कामावर बोलावलं, तर कायद्याने दुप्पट मजुरी द्यावी लागते.

आता आपल्या घरी या.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने गणेशोत्सव हा राज्य महोत्सव असल्याचं विधानसभेत जाहीर केलं. त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि दहीहंडी शनिवारी आल्या. पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवार आधीच सुट्टीचा, म्हणजे मुंबईतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दोन स्थानिक सुट्ट्या वाया जाणार होत्या. सरकारने तत्परतेने त्या बदलल्या आणि नारळी पौर्णिमा व गौरी विसर्जनाला दिल्या. मला यात काही गैर वाटत नाही. गौरी विसर्जनाला बाईमाणसाला सुट्टी मिळाली, बरंच झालं.

पण दादरच्या कापडाच्या दुकानात ठाण घडी करून ठेवणाऱ्या पोराचं काय? औषधाच्या दुकानातल्या मुलीचं, हॉटेलातल्या वेटरचं काय? 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगार मिळून ठरवतील त्या. गणेश चतुर्थीचं नाव त्यात नाही. मालकासमोर बसून सण ठरवणारा कामगार तुम्ही पाहिलाय का? मी तरी नाही. त्यात हा कायदा लागू होता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. ज्या वर्षी राज्य महोत्सव जाहीर झाला, त्याच वर्षी मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जुलैमध्ये सण राज्याचा झाला आणि सप्टेंबरमध्ये तो साजरा करायची पगारी फुरसत मागण्याचा हक्क आणखी हजारो लहान दुकानांतून काढून घ्यायचं ठरलं. हे दोन्ही निर्णय एकाच सरकारचे आहेत आणि मला त्याची चीड येते.

गणपतीला गावी जायचं म्हणून नोकरी सोडणारी आणि परत आल्यावर नवी शोधणारी मुलं कोकणात घरोघरी आहेत. सणाची एवढी किंमत ती मोजतात. सरकारने मोजायची किंमत फार थोडी आहे: चतुर्थी आणि विसर्जनाचा एक दिवस, दोन्ही पगारी, दुकानात वीस माणसं असोत की दोन. कायद्यात एक कलम घालायचं. येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराला हे विचारा. आणि तुमच्या हाताखाली कुणी कामाला असेल, तर कलमाची वाट पाहू नका. यंदा त्याला विसर्जनाला सोडा, पगार न कापता.