पंच्याऐंशीवा मणी

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाशी या, इतक्या लांबून ओरडून सांगण्यासारखं नाहीये. त्यांचा लॉनमोअर बंद झालाय ना? हां, मग या.

ते निळ्या गॅरेजवाले हो... दर शनिवारी फील्डवर फोल्डिंगची खुर्ची टाकतात आणि पहिल्या बॉलपासून अंपायरच्या नावानं शंख करतात, तेच. परीक्षेत आपटले! वीसपैकी सात. सात हो! आणि तेसुद्धा पेन्सिलीचं रबर चावून चावून.

म्हणजे तुम्हाला परीक्षेचंच माहीत नाही? कमाल झाली. अर्ध्या एडिसन गावाला माहितीये. तो म्हातारा अंपायर नाही का, हिप बदललेला? बिचारा पै घेत नाही हो. लिटिल लीगच्या, म्हणजे पोरांच्या बेसबॉलच्या, मॅचना हौसेनं उभा राहतो. त्याला आपल्या गल्लीतल्या चौघांनी परवाच्या मॅचनंतर गाडीपर्यंत गाठलं. तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, बुधवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये या, वीस प्रश्न देतो, खरं की खोटं इतकंच लिहायचं. ज्याला पंधरा पडतील त्यानं माझ्यावर खुशाल ओरडावं.

आता आपले पुरुष कसले ऐकताहेत. आमचे हे तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले, जणू मुलगीच बघायला निघालेत. "क्रिकेट कळतं त्याला बेसबॉल काय अवघड," म्हणे. मी मागच्या रांगेत थर्मास घेऊन बसले. चहा माझ्याकडे होता ना, म्हणून.

तर काय सांगत होते... हां. क्रिकेट. तिथंच सगळ्यांचा घात झाला बघा.

प्रश्न असा, की बॅटरचा हात हा बॅटचाच भाग धरतात, खरं की खोटं? आपले सगळे एकजात "खरं"! क्रिकेटमध्ये बॅट धरलेल्या ग्लव्हला चाटून बॉल गेला की बॅटलाच लागला म्हणतात, लहानपणापासून ऐकलेलं. इथं तसं नाही. इथं हात तो हात. बॅट फिरवताना बॉल बोटांवर बसला तर बोटं सुजतात आणि वर स्ट्राइकही मिळतो. बॅट फिरवलीच नसेल आणि पोरानं अंग चोरलं असेल, तर मात्र पहिला बेस. अंपायरनं हे समजावून सांगितलं तेव्हा निळ्या गॅरेजवाल्यांचा चेहरा असा झाला की... एरंडेल पाजलेलं पोर बघितलंय ना, तसा. कारण एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर यांनी खुर्ची आपटली होती. खुर्चीचा पाय अजून वाकडा आहे, तुम्ही बघा.

दुसरं, ते डाइव्हचं. आपल्या समोरच्या वहिनींचा मुलगा तिसऱ्या बेसकडे पळताना हात पुढे करून सपशेल झेपावला. काय सुंदर पोचला हो! आणि अंपायरनं त्याला आउट दिलं. वहिनींनी सँडविचच्या डब्याचं झाकण फेकलं. तर नियमच तसा आहे म्हणे. बारापर्यंतच्या पोरांनी पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून घसरायचं नाही, घसरला की आउट. पाय पुढे चालतात. आणि मागच्या बेसवर परत येताना मात्र डोकं पुढे चालतं, म्हणजे बघा. मानेची काळजी हो, दुसरं काय. पण त्या पोराला "डाइव्ह मार, डाइव्ह मार" म्हणून घराच्या मागे गादी टाकून शिकवलं कुणी? त्याच्याच बाबांनी. त्यांनी हा प्रश्न सोडूनच दिला होता. वहिनींनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं... मी पटकन चहा ओतायला घेतला.

आणि आमच्या ह्यांचं सांगू? सांगते. पण तुमच्यापाशीच ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं उभी, एकही आउट नाही, बॉल उंच उडाला, आणि अंपायर बॉल हवेत असतानाच ओरडला, बॅटर आउट. खाली त्या पोराच्या ग्लव्हमधून बॉल सुटला. आमचे हे उभे राहून, "कॅच सुटला! सुटला! डोळे आहेत का?" सगळं फील्ड वळून बघतंय. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला इनफील्ड फ्लाय म्हणतात. दोनपेक्षा कमी आउट असले, पहिला-दुसरा बेस भरलेला असला किंवा तिन्ही भरलेले असले, आणि इनफील्डमधल्या पोराला सहज झेलता येईल असा झेल वर उडाला, तर बॅटर आउटच. झेलला काय आणि सोडला काय.

का, ते मला पटलं बाई. बेसवरची पोरं झेल होतोय या धास्तीनं जागेवर थांबतात ना? मग एखादा आगाऊ पोरगा मुद्दाम झेल सोडून दोघांना एकदम आउट करेल. ती लबाडी होऊ नये म्हणून हा नियम. ह्यांनी घरी येऊन मलाच समजावलं, जसं काही यांनीच शोधलंय. नऊ मिळाले हो ह्यांना. मी विचारलं नव्हतं, पण चादरीच्या घडीत पेपर सापडला.

कुठे होते मी... हां, आजी! अगंबाई, आजींचंच राहिलं.

सांगलीच्या आजी हो, सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे आल्यात, नऊवारीवर पांढरे स्नीकर्स घालतात त्या. त्या परीक्षेला बसल्या! नात शेजारी बसून प्रश्न मराठीत सांगत होती, आणि आजी स्वच्छ अक्षरात "खोटे", "खोटे", "खरे" लिहीत होत्या. सतरा मार्क. सतरा! हॉलमध्ये अशी शांतता पसरली की माझ्या थर्मासचं झाकण फिरवलेलं ऐकू आलं.

अहो, पण त्यांना येणारच होतं. गेले दोन महिने त्या मॅचला जपमाळ घेऊन बसतात. आपण समजत होतो, देवभक्त आहेत, नामस्मरण चाललंय. नामस्मरण कसलं, नातू टाकतो तो एकेक बॉल मोजत होत्या! एक बॉल, एक मणी. बारा वर्षांच्या पोराला दिवसाला ८५ बॉल, त्यावर नाही. २००७ पासून बॉल मोजतात, आधी नुसत्या इनिंग्ज मोजायचे. कोवळी कोपरं हो, जन्माची जायची. ८५वा बॉल टाकताना समोरचा बॅटर अर्ध्यात असेल तर तेवढा संपवायचा आणि मग बाजूला. आणि आजींनी माळेला लाल दोरे बांधलेत. विसाव्या मण्यानंतर एक, पस्तिसाव्यानंतर एक, मग पन्नास, मग पासष्ट. वीसपर्यंत टाकले तर सुट्टी लागत नाही, पस्तीसपर्यंत एक दिवस, पन्नासपर्यंत दोन, पासष्टपर्यंत तीन, त्याच्यावर चार दिवस हाताला विश्रांती. एक्केचाळिसाव्या मण्याला सेफ्टी पिन. एक्केचाळीस बॉल टाकलेल्या पोराला त्या दिवशी कॅचर म्हणून उभं करता येत नाही, त्याची खूण. बाई बाई, आमच्या ह्यांना गॅसचं बिल भरल्याचं लक्षात राहत नाही.

आणि मागच्या शनिवारी काय झालं, त्या तिकडच्या टीमच्या स्कोअरकीपरचा आकडा आला ८२. आजी खुर्चीतून उठल्या, माळ वर धरली, म्हणाल्या, "पंच्याऐंशी." नातीनं इंग्रजीत सांगितलं. दोन्ही डगआउटमधले वह्या काढून बसले, एकेक पान ताडून बघितलं. तीन फाउल बॉल लिहायचे राहिले होते! तेव्हापासून अंपायर येता-जाता आजींना मान तुकवतो.

फक्त एका प्रश्नावर आजी अडून बसल्या. बॉल आधी जमिनीवर टप्पा पडून मग बॅटरला लागला, तर त्याला पहिला बेस मिळतो का? मिळतो म्हणे. आजींनी "खोटे" लिहिलं. "टप्पा पडून आलेला बॉल तो काय लागणार, आमच्याकडे पोरं त्याच्यावर षटकार मारतात," असं म्हणाल्या. अंपायर हसला, पण मार्क काही दिला नाही. सरळ माणूस आहे तो.

हो, आणि शेवटी एक बोनसचा होता, तो आपल्याच न्यूजर्सीचा. तुमचा मोठा कामाला जातो ना, त्या होबोकनचा. १९७२ मध्ये तिथली मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी लिटिल लीगमध्ये पिचर होती. तीन मॅच खेळली, आणि वरून निरोप आला की मुलगी खेळवाल तर तुमची मान्यताच काढून घेऊ. टीम गेली ना मग पोरीच्या हातून. केस झाली, सिल्व्हिया प्रेसलर नावाच्या बाईंनी १९७३ मध्ये मुलींच्या बाजूनं निकाल दिला आणि १९७४ पासून सगळीकडे मुलींना दार उघडलं. तोवर मारियाचं वय निघून गेलं होतं. हे आजींच्या नातीनं उभं राहून सांगितलं, ती स्वतः सेकंड बेस खेळते ना. सांगताना जरा आवाज कापला तिचा. निळ्या गॅरेजवाल्यांनी टाळी वाजवली, हे मात्र कबूल करायला हवं.

पण खरी गंमत तर शेवटीच झाली. निळ्या गॅरेजवाल्यांनी विचारलं, "मग आम्ही तक्रार करायचीच नाही?" अंपायर म्हणाला, करा की. पण स्ट्राइक का बॉल, सेफ का आउट, फेअर का फाउल, हे माझ्या डोळ्यांचं काम, त्यावर वाद नाही. मी नियमच चुकीचा लावला, तर मॅनेजरनं पुढचा बॉल पडायच्या आत प्रोटेस्ट करायचा. मॅनेजरनं, खुर्चीवाल्यांनी नाही. मग यांनी विनू मंकडांचं काढलं. १९४७, सिडनी, बिल ब्राउन, सगळं. नॉन-स्ट्रायकर आधीच बाहेर पडला म्हणून मंकडांनी आउट केला, तसं इथं बेसवरचं पोर आधी निघालं तर आउट का देत नाही? तर लिटिल लीगमध्ये बॉल बॅटरपर्यंत पोचायच्या आत निघालं म्हणून आउट नाही देत. सेफ पोचलं तरी मागे पाठवतात, झालं. "मुलं आहेत," एवढंच म्हणाला तो. आणि निळ्या गॅरेजवाले... गप्प! मी पहिल्यांदाच त्यांना गप्प बघितलं. त्यांच्या बायकोनंसुद्धा, असं वाटतं.

आता खरी पंचाईत पुढेच आहे. आजी २० जूनला परत जाताहेत आणि त्यानंतर दोन मॅच राहिल्यात. कुणी मोजायचं? काल संध्याकाळी दारावर टकटक झाली. बघते तर निळ्या गॅरेजवाले! खाली मान घालून विचारताहेत, "काकू, जपमाळ असेल का तुमच्याकडे एखादी? आजींनी दोरे कुठे बांधायचे ते लिहून दिलंय." माझी आहे ती सत्तावीस मण्यांची, हातात धरायची, ती काय कामाची? म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमच्या सासूबाईंची तुळशीची होती ना हो, पूर्ण १०८ची? सापडेल का शनिवारपर्यंत?