डायरेक्ट मिस्त्री

सावेडीतला बंगला असो, राहुरीच्या शिवारातली विहीर असो की शिर्डीतले चार मजली लॉज असो, विजेवर चालणारे कोणतेही यंत्र रुसले म्हणजे ज्यांच्याकडे पहिला निरोप जातो, आणि पकड, टेस्टर व काळ्या चिकटपट्टीचे भेंडोळे स्कूटरच्या डिकीत टाकून जे निरोप्याच्या मागोमाग हजर होतात, त्या गृहस्थांना आईबापांनी कोणतेही नाव ठेवलेले असो, आम्ही त्यांना मनातल्या मनात ‘डायरेक्ट मिस्त्री’ म्हणत आलो आहोत. विनय, तत्परता आणि अल्प मोबदला हे तिन्ही गुण त्यांच्या ठायी एकत्र नांदतात. अपरात्रीदेखील ते येतात, चहाला नाही म्हणत नाहीत आणि यंत्र चालू केल्यावाचून उठत नाहीत. त्यांचा सारा उपद्रव या शेवटच्या गुणातूनच उद्भवतो.

त्यांच्या मते यंत्राचे घटक दोनच जातींचे. एक काम करणारे आणि दुसरे कामात खोडा घालणारे. थर्मोस्टॅट, कटआउट, रिले, सेन्सर ही सारी मंडळी दुसऱ्या जातीची. कचेरीच्या दारात अर्ज अडवून बसणाऱ्या शिरस्तेदाराविषयी कुळाच्या मनात जी भावना असते, तीच मिस्त्रींच्या मनात यांच्याविषयी असते. चौकशी नाही, जबाब नाही. दोन तारा सोलायच्या, एकमेकींना पिळायच्या, वर काळी पट्टी गुंडाळायची, की शिरस्तेदार बडतर्फ आणि अर्ज मंजूर!

ही विद्या त्यांनी विहिरीच्या काठावर संपादन केली. शेतीच्या पंपाला तीन फेज लागतात. त्यांतली एक गेली असता उरलेल्या दोहोंवर मोटार ओढत राहून जळू नये, म्हणून तिला थांबवणारे एक उपकरण स्टार्टरजवळ बसवलेले असते. परंतु ज्याच्या वाट्याला रात्रीची वीज आली आहे आणि ज्याचा ऊस पाण्यावाचून माना टाकीत आहे, त्या शेतकऱ्याला हे उपकरण वैऱ्यासारखे वाटते. मिस्त्री ते ‘डायरेक्ट’ करून देतात. पुढे यथाकाल मोटार जळते, आणि ती भरून कोठे मिळेल याचा पत्ताही मिस्त्रींनाच ठाऊक असतो. यात त्यांचा अंतस्थ हेतू असतो असे मात्र कोणी समजू नये. इतका दूरवरचा विचार त्यांनी आयुष्यात कधी केलेला नाही.

त्यांच्या कर्तृत्वाचा खरा प्रांत म्हणजे शिर्डी. काकड आरतीला जाणाऱ्या यात्रेकरूंना भल्या पहाटे कढत पाणी लागते, आणि अलीकडे काही हॉटेलांनी तरणतलाव बांधून तो कोमट ठेवण्याचीही हौस धरली आहे. त्याकरिता गच्चीवर जो हीटपंप बसवतात, त्याच्या नळीत एक फ्लो स्विच असतो. पाण्याच्या रेट्याने त्याची पाती ढकलली गेली तरच पुढचे यंत्र सुरू होते. ऐन गर्दीच्या रात्री पडद्यावर ‘पाणी वाहत नाही’ अशा अर्थाचा इशारा झळकतो आणि मिस्त्रींना पाचारण होते.

“शेठ, सेन्सर गेला.”

“पाणी तर बरोबर येतंय ना?”

“पाण्याला काय धाड भरलीय? पुण्याहून पार्ट मागवावा लागंल, चार दिवस जातील. तोवर डायरेक्ट करून देतो. तात्पुरतं.”

पाण्याला धाडच भरलेली असते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार जाळीवर बसलेला, फिल्टरची वाळू गाळाने घट्ट झालेली, पंपात हवा धरलेली. बिचारा स्विच तेवढे सत्य सांगत असतो आणि सत्य सांगितल्याबद्दल नोकरीस मुकतो. ते तात्पुरते मग तीन-तीन हंगाम टिकते. थंडीत एके रात्री पाणी सर्वस्वी थांबते, यंत्र मात्र चालूच राहते, आणि जेथे उष्णतेची देवघेव व्हायची ती नळीच कामातून जाते. तिच्या किमतीत नवे फ्लो स्विच किती आले असते, हा हिशेब कोणताही मालक दोनदा करीत नाही.

याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अगदी उलट्या प्रकृतीचा एक मनुष्यही आढळतो. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झाले. त्यामागून जिल्हाभर जे कारखाने झाले, त्यांच्या बॉयलरवर जन्म काढलेले हे निवृत्त काका. 1923 च्या बॉयलर कायद्याचा धाक त्यांच्या हाडांत मुरलेला असल्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणे त्यांना देवळातल्या मूर्तीला हात लावण्याइतके अवघड वाटते. ते प्रथम मेन स्विच पाडतात. मग जाळी धुतात, फिल्टर उलट्या पाण्याने साफ करतात, पंपातली हवा काढतात. एवढ्यानेही भागले नाही तरच स्विचच्या दोन्ही तारा सोडवून मीटर लावतात; पाणी वाहताना स्विच जोडलेला आणि थांबताच तुटलेला दाखवला पाहिजे. जादा तापमानाला तोडणाऱ्या कटआउटची परीक्षा निराळी: तो थंड असूनही, आणि रीसेटचे बटण असल्यास ते दाबूनही, तुटलेला दाखवील, तर मात्र खरोखर बाद. परीक्षेपुरत्या क्षणभर तारा काकाही जोडतात, पण त्या हातातून सोडीत नाहीत. नवा स्विच जुन्याच मापाचा आणतात, नळीतले पाणी आधी उतरवतात, आट्यांवर टेफलॉनची पट्टी चढवतात, अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेला करतात, आणि सर्व सुरू झाल्यावर मुद्दाम व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थांबते की नाही ते पाहतात. या कामाला अर्धा दिवस लागतो. त्या अर्ध्या दिवसात मिस्त्री चार गावे करून येतात. म्हणून काकांना कोणी बोलावीत नाही.

बंद जागेतली उष्णता काय करते, याचे एक जुने प्रकरण अहिल्यानगर शहराच्या दप्तरी आहे. 1588 च्या सुमारास येथला सुलतान मूर्तझा निजामशाहा याला त्याच्याच पुत्राने, मीरान हुसेनाने, हमामखान्यात कोंडले, दारेखिडक्या बंद करून खाली प्रचंड आग पेटवली आणि बापाचा जीव घेतला. त्या काळी त्याच दरबारात चाकरीस असलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे. मिस्त्रींना आम्ही ही हकीकत भीत भीत सांगितली, कारण खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला एक गॅस गिझर ते त्या वेळी ‘डायरेक्ट’ करीत होते, आणि कोंडलेल्या जागी जळणाऱ्या गॅसपासून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासही नसतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पट्टीचे टोक दाताने तोडले आणि म्हणाले, “त्या टायमाला एक्झॉस्ट नसतील ना, साहेब.”

मिस्त्रींना आपण अवश्य बोलवावे, चहा पाजावा, गावगप्पा ऐकाव्यात. गच्चीच्या खोलीची किल्ली मात्र काकांकडे द्यावी, आणि मागे कधी मिस्त्री येऊन गेले असतील तर तेथे काळी पट्टी कोठे गुंडाळलेली दिसते का, ते आजच पाहून घ्यावे.