देशमुखांचा नवा हॉल

"शोभाताई, अहो शोभाताई! तो पाइप बंद करा नि इकडे या जरा. देशमुखांचा हॉल बघून आलात का?"

"कालच. केतकीने चहाला बोलावलं होतं. चहा म्हणजे तो हिरवा, बिनदुधाचा. कपालाही कान नाही, धरायचा कुठे तेच कळेना."

"मीही तोच प्यायले. घरी येऊन आल्याचा टाकला तेव्हा कुठे जिवात जीव आला. ते जाऊ दे, हॉल कसा वाटला?"

"खोटं कशाला बोलू, आवडला. आधी त्या शोकेसमध्ये काय नव्हतं सांगा! लग्नात आलेले चार ताजमहाल, प्लॅस्टिकचे पोपट, नातवाचे कप. आता एक कोनाडा, त्यात एकच उभं चित्र, खाली एक फांदी. संपलं."

"ते जपानी आहे. तोकोनोमा म्हणतात. केतकीने मला उभं करून सगळं समजावलं. तिकडे जुन्या पद्धतीच्या घरांत पाहुण्यांच्या खोलीत असा कोनाडा असतो. चित्र ऋतूप्रमाणे बदलायचं, जुनं गुंडाळून पेटीत ठेवायचं."

"म्हणजे आपलं गणपतीचं मखर माळ्यावर जातं तसंच की! आणि तो मधला सरकता दरवाजा?"

"तोही तिकडचाच. लाकडी चौकटींना कागद डकवतात, उजेड कसा गाळून आत येतो. इथे सुताराने कागदाऐवजी दुधी ॲक्रिलिक बसवलं."

"शहाणा सुतार. त्यांच्या चिंटूने पहिल्याच दिवशी कागदातून बोट आरपार घातलं असतं."

"आणि टीपॉयवरचा लकी बांबू पाहिलात? लाल रिबीन बांधलेला? आमच्या ह्यांनी नर्सरीत विचारलं होतं. त्याचा नि बांबूचा काही संबंध नाही. ड्रॅसिनाची जात आहे ती, मूळची आफ्रिकेतली."

"घ्या! आणि केतकी म्हणते, हॉलची थीम एशियन आहे."

"तुमच्या बरणीबद्दल काही बोलली का?"

"बोलली तर! 'काकू, तुमची ती जुनी लोणच्याची बरणी द्याल का, कोपऱ्यात छान दिसेल.' म्हटलं, बाई, त्यात गेल्या मे महिन्यातली कैरी आहे, दादरा बांधून ठेवलेली. तिने ते निळ्या नक्षीचे, झाकणाचे दोन जार मागवलेत ना, त्यांच्या शेजारी ठेवायची आहे तिला."

"त्या जारमध्ये चीनमध्ये आलं नि मसाले साठवायचे. आमचे वडील सिरॅमिकच्या कारखान्यात होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. चिंगदचन नावाचं शहर आहे, शेकडो वर्षं चिनी मातीच्या भांड्यांसाठीच ओळखलं जातं. आणि तो निळा रंग कोबाल्टचा. सुरुवातीला तो इराणकडून यायचा. माती चीनची, रंग इराणचा, नि भांडी गेली जगभर."

"आणि आपली बरणी?"

"तीही मातीचीच. बाराशे-तेराशे अंशांवर भाजली की वरचं झिलईचं पाणी वितळून काचेसारखं बसतं. मग लोणच्याचं मीठ नि आंबट तिला काही करत नाही. तेच लोणचं बिनकल्हईच्या पितळी डब्यात ठेवून बघा, हिरवं होईल."

"तिच्या जारमध्ये मात्र काही नाही. मी हात घालून पाहिला."

"शोभाताई!"

"अहो, झाकण उघडंच होतं."

"बरं, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर ती गोल गोल चित्रं आहेत ना, ती आमच्या माहेरची हो. सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, एकेकात बारा पानं, मिळून १२० पानं. खेळ आला इराणकडून, मोगलांच्या दरबारात रुळला, नि आपल्याकडे येऊन मत्स्य-कूर्म-वराह झाला. अजूनही राजवाड्यात कारागीर मांडी घालून बसतात नि एकेक पान हाताने रंगवतात. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे नि सत्त्वशीलादेवींनी हे काम पुन्हा उभं केलं, नाहीतर ते केव्हाच बुडालं असतं."

"तिने तर आठच लावलीत."

"बाकीची पेटीत. म्हटलं, सुट्टीत चिंटूला खेळायला शिकव. तर म्हणते, काकू, तुम्हीच शिकवा. आता मला कुठे येतो तो खेळ!"

"मला सगळं आवडलं हो. एकच गोष्ट डोळ्याला खुपली."

"दाराशी, चपलांच्या कपाटावर. मीही बघितलं. तुम्हाला काय वाटलं असेल, हेच पहिल्यांदा मनात आलं."

"बुद्धांचं नुसतं शीर. नि खाली सगळ्यांच्या चपला. आमच्याकडची वंदना तुम्ही पाहिलीत. १४ ऑक्टोबर १९५६ला सासरे नागपुरात होते, बाबासाहेबांनी दीक्षा घेतली नि दिली तेव्हा. त्या घरात मी आले. आमच्याकडे मूर्ती उंचावर, पांढऱ्या कापडावर, पुढे फुलं नि मेणबत्ती. तिला नमस्कार केल्याशिवाय मुलं परीक्षेला जात नाहीत. आणि इथे वाकून सँडलचा पट्टा सोडायचा, तर बुद्ध कुठे? सँडलशेजारी!"

"तिच्या मनात वाईट नसणार हो. दुकानात मिळतं, चेहरा शांत दिसतो, घेऊन येतात."

"तेच तर म्हणते. आमची धाकटी थायलंडला गेली होती. तिथे अयुथ्या म्हणून जुनी राजधानी आहे. एका झाडाच्या मुळांत बुद्धांचं दगडी शीर अडकलंय. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं. आपलं डोकं त्यांच्या डोक्याच्या वर जाता कामा नये. हिचे सगळे फोटो उकिडवे बसलेले! तिकडे रस्त्यावर फलकही लावलेत म्हणे, बुद्ध सजावटीसाठी नाहीत असे. मूर्ती देशाबाहेर न्यायची तर सरकारची परवानगी लागते."

"पण नुसती शिरं करायची पद्धत आली कुठून?"

"पद्धत कसली! १७६७ साली ब्रह्मदेशच्या फौजेने अयुथ्या जाळलं, लुटलं. पुढे जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी चोरांनी किती मूर्तींची शिरं तोडून नेली. तिथे अजून बिनशिराच्या मूर्तींच्या ओळी बसलेल्या आहेत. त्या तोडलेल्या शिरांवरून हे शोपीस निघाले."

"अगं बाई! आणि तिच्या टीव्हीजवळचा तो ढेरपोट्या, हसणारा?"

"तो गौतम बुद्ध नव्हेच. बुदाई नावाचा चीनमधला भिक्खू, हजारेक वर्षांपूर्वीचा. खांद्यावर झोळी टाकून हिंडायचा. तिकडे त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात. आमचा नातू विचारत होता, आजी, बुद्ध एवढे जाड कधी झाले?"

"हे तुम्ही केतकीला सांगायला हवं."

"सांगणारच आहे. पण हॉल दाखवायच्या दिवशी पोरीचा हिरमोड कशाला करायचा?"

"मग आत्ता सांगा. ही बघा, कचऱ्याची बादली घेऊन इकडेच येतेय. केतकी, अगं थांब! शोभाकाकूंना तुझ्याशी बोलायचंय."

"काय झालं काकू? हॉल नाही आवडला?"

"फार आवडला गं. पण ते दाराशी बुद्ध ठेवलेस ना, ते तिथून हलव. आमचे ते देव म्हण, गुरू म्हण. चपलांच्या जागी नकोत."

"अगंबाई! काकू, मला सुचलंच नाही. डिझायनरने ठेवलं, मी ऐकलं. आत्ता उचलते. कुठे ठेवू?"

"उंचावर ठेव, पाय लागणार नाहीत अशा ठिकाणी. आणि पुढच्या वेळी पूर्ण मूर्ती आण. आमच्या ओळखीचा एक मूर्तिकार आहे, नाव देते."

"नक्की. आणि काकू... ती बरणी?"

"बरणी मिळेल, पण लोणच्यासकट. कोपऱ्यात ठेव नि रोज ताटात वाढ. रिकामी झाली की परत दे, मे महिन्यात पुन्हा भरायची आहे."

"चालेल, चालेल!"

"गेली बाई. पोर गुणी आहे हो, शोभाताई. तोंड वाकडं नाही केलं."

"नाही ना. पण एक मोठी चूक झाली आपली."

"आता काय?"

"सगळ्याचा मिळून खर्च किती आला, ते विचारायचंच राहिलं!"