शेवटचं गिऱ्हाईक

हॉटेल चालू आहे तोवर या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते बंद पडलं, शटरवर बिल्डरची पाटी लागली, की याची भूक खवळते. मग जगात खाण्यालायक एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जी आता मिळत नाही.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. कुणाची गिरगावातली मिसळ गेलेली असते, कुणाचा पुण्याच्या कॅम्पातला सामोसा. एक जण तर घरी सोडा मशीन आणून गोल्ड स्पॉट करायला बसला होता. पारल्याची ती सगळी थंड पेयं १९९३ साली कोका-कोलाने घेतली, थम्स अप राहिलं, गोल्ड स्पॉट गेलं, आणि त्याबद्दलचा राग हा मनुष्य अजून स्वयंपाकघरात काढतो आहे. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत हा मान दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. काका सँडविचवाले.

फोर्टातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत ते १९७२ साली चिकटले आणि २००१ च्या व्हीआरएसमध्ये सुटले. बँकेमागच्या गल्लीत, कोपऱ्यावर, एक इराणी होता. त्याच्याकडे हिरव्या चटणीचं सँडविच मिळायचं. नव्वदच्या सुमाराला त्याने गल्ला आवरला. नंतर तिथे औषधांचं दुकान आलं, मग मोबाइलचं, आणि आता तिथे कॉफी मिळते, तीही कपावर आपलं नाव लिहून. काका त्या कॉफीच्या दुकानात गेले होते. खाल्लं-प्यायलं काही नाही, फक्त ‘इथे भटारखाना होता’ असं काउंटरवरच्या मुलीला सांगून आले.

या माणसाला ओळखण्याची खूण सांगतो. त्याला म्हणा, अहो काका, कयानी १९०४ पासून धोबी तलावला उभं आहे, बेलार्ड इस्टेटला ब्रिटानिया १९२३ पासून आहे, पुण्यात डेक्कनवर गुडलक १९३५ पासून आहे, जा की एकदा. चेहरा बघा. दूधवाल्याने अंडी विकायला आणल्यासारखा चेहरा करून काका म्हणतात, “ते तर चालू आहे.” विषय संपला. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ साली सुरू झालं तेव्हापासून काका त्याच्यावरून शेकडो वेळा गेले असतील. २०१५ च्या मार्चअखेर ते बंद होणार अशी बातमी आली आणि काका प्रथमच आत शिरायला म्हणून रांगेत उभे राहिले. घरी येऊन दोन दिवस गप्प होते.

सँडविचचं प्रास्ताविक ते इराणपासून करतात. यझ्द आणि करमानकडून ही मंडळी कशी आली, कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून आपले व्यापारी कशी घेत नव्हते, ती या लोकांनी कशी उचलली आणि दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक कसं ओढलं. यात काही खोटं नाही. पण समोरच्याला भूक लागलेली असते आणि ओट्यावर ब्रेड वाळत असतो. काकू मधून एकदा डोकावतात. “अहो, ते इराणातून निघालेत, की मुंबईला पोचले? गॅस चालू आहे म्हणून विचारते.”

काकूंचा या प्रकरणात एकच आक्षेप आहे, आणि तो कायद्याच्या दृष्टीने मजबूत आहे. “तीस वर्षं रोज पहाटे उठून मी डबा दिला. संध्याकाळी डबा रिकामा यायचा. मग हे सँडविच खात कधी होते?” यावर काका चटणी वाटायला घेतात. मिक्सरच्या आवाजात बोलता येत नाही.

पहिलं संकट लोण्याचं. काकांचं म्हणणं, इराणी पोल्सन लावायचा. पोल्सन म्हटल्यावर त्या पिढीचे डोळे ओलावतात. आता अडचण अशी की काका नोकरीला लागले १९७२ मध्ये, आणि अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी होर्डिंगवर चढली १९६६ मध्येच. काका नाक्यावर पोचेपर्यंत पोल्सनचा जमाना उतरणीला लागला होता. पण काकांची जीभ तारखा पाळत नाही. पोल्सनची गंमत मात्र खरीच होती. ते लोणी आंबवलेल्या सायीचं, वर भरपूर मीठ. आणंदच्या शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी संघ काढला आणि पुढे अमूलचं लोणी बाजारात आणलं, ते ताज्या सायीचं. लोकांना ते अळणी, पांचट लागलं. शेवटी अमूललाही मीठ आणि रंग घालावा लागला, तेव्हा कुठे मुंबईकराने त्याला लोणी म्हणायचं कबूल केलं. म्हणजे शिळ्या सायीच्या वासाची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला ताजं नको होतं. काकांच्या जातीचा माणूस तेव्हाही होता तर!

हे कळल्यावर काकांनी बाजारातून क्रीमचे डबे आणले, त्यात चमचाभर दही घातलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी घुसळलं. वर आलेला गोळा वाटीत घेऊन त्यांनी काकूंना हाक मारली. “अगं, हे बघ. पोल्सन!” काकूंनी बोट लावून चाखलं. “हे लोणी आहे,” त्या म्हणाल्या. “सायीला विरजण लावून मी दर शनिवारी करायचे ते. तेव्हा तुम्ही म्हणायचात, वास येतो, अमूल आणा.”

दुसरं संकट ब्रेडचं. हल्लीचा पाव मऊ, गोडसर आणि कापूनच येतो. काकांना अख्खा हवा, भट्टीतला, आदल्या दिवशीचा, कारण ताजा पाव पातळ कापता येत नाही. इथवर त्यांचं अगदी बरोबर आहे. चटणी सँडविचचा जीव स्लाइसच्या जाडीत असतो. जाड झाली की नुसता पाव चावत बसायचं, पातळ झाली की चटणी बाहेर. आणि लोणी कडेपर्यंत नीट फासलेलं पाहिजे, नाहीतर चटणीचं पाणी पावात उतरतं आणि पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. लोणी हा तिथे रेनकोट आहे. काका नातवाची कंपासपेटी घेऊन बसतात, पट्टीने माप घेतात, पेन्सिलीने पावावर बारीक खूण करतात आणि करवतीसारख्या सुरीने, श्वास रोखून, कापतात. या वेळी दारावरची बेल वाजली तरी कुणी दार उघडायचं नाही. भट्टीचा पाव त्यांना कल्याणला मिळाला होता. मग २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवा सुधारेल, दम्याच्या लोकांना बरं वाटेल, काका स्वतः पंप ओढतात, हे सगळं त्यांना मान्य आहे. तरी त्या दिवशी त्यांनी पेपर असा घडी घालून ठेवला की जणू निकाल त्यांच्याच विरुद्ध लागलाय.

चटणीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण काका सांगणार नाहीत. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू, किंचित साखर, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. खोबरं होतं की नव्हतं, यावर काकांनी दोन हिवाळे काढले. पारशी पद्धतीची चटणी, पात्रा नी मच्छीला लावतात ती, तिच्यात ओलं खोबरं असतं. म्हणून इराण्याकडेही असणारच, असा तर्क. रंग काळा पडू नये म्हणून वाटताना बर्फ टाकायचा हे त्यांनी नाक्यावरच्या सँडविचवाल्याकडून उचललं, वर त्यालाच ऐकवलं की तुझ्या सँडविचात बीट कशाला रे. सगळं जमून आल्यावर काका त्रिकोण कापतात, पांढऱ्या जाड बशीत ठेवतात, एक घास घेतात आणि डोळे मिटतात. आपण वाट बघत राहतो. जबडा हलत असतो, मग थांबतो.

“जवळ आलंय,” काका म्हणतात. “पण ते नाही.”

काय कमी आहे, हे दर वेळी वेगळं असतं. एकदा पाणी तानसाचं नव्हतं. एकदा टेबल संगमरवरी नव्हतं, ओटा ग्रॅनाइटचा, तिथेच चव गेली. एकदा तर बशी फार स्वच्छ होती. मला विचाराल तर ते सँडविच फर्मास असतं. मी दोन खातो, तिसऱ्याला नाही म्हणत नाही. पण खाणाऱ्याने आवडलं म्हणू नये, असा त्या घरातला शिष्टाचार आहे. ‘छान झालंय’ म्हटलं की काका दुखावतात. ते नव्हेच, आणि तुला छान लागतं?

मग गेल्या पावसाळ्यात साक्षात पुरावा हाती आला. त्या इराण्याच्या भटारखान्यात वीस वर्षं काम केलेला माणूस भाईंदरला चहाची टपरी चालवतो, असा काकांना पत्ता लागला. मला बरोबर घेऊन गेले. वही, पेन, चाखायला डब्यात स्वतःचं सँडविच. म्हाताऱ्याने डबा उघडलाही नाही.

“सँडविच?” तो म्हणाला. “साहेब, ते कोण खात होतं? पब्लिक खिम्यासाठी यायची.”

काकांनी नेटाने विचारलं. लोणी कुठलं? “अर्धं बटर, अर्धा डालडा. शेठ बघत नसला तर डालडा जास्ती.” चटणी? “कोथमीर, मिरची. आणि कालच्या पावाच्या कडा टाकायच्या वाटताना. दाट होते, आणि कडा पण फुकट जात नाय.” खोबरं? “खोबरं काय, शेठच्या घरचा डबा यायचा त्यात असायचं.”

मी वहीकडे पाहिलं. काकांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं होतं. परतीच्या लोकलमध्ये वसई खाडीकडे पाठ करून ते बराच वेळ बसले, आणि दहिसर आल्यावर म्हणाले, “त्याला काय ठाऊक? तो कायम आत असायचा. बाहेर टेबलावर बसून कधी खाल्लं का त्याने?” कडा मात्र पुढच्या चटणीत पडल्या. मी डोळ्यांनी पाहिल्या. चटणी पूर्वीपेक्षा झकास झाली होती, त्यामुळे ती अर्थातच ती नव्हती.

शेवटी काकांनी साक्षीदार गोळा केले. बँकेतले तीन जुने सहकारी, सगळे पेन्शनर, दिवाळीनंतरच्या रविवारी घरी जेवायला. जेवण म्हणजे सँडविच, हे आल्यावर सांगितलं. पहिल्याने एक घास घेतला आणि म्हणाला, कांदा कुठाय? दुसरा म्हणाला, कांदा कधीच नव्हता, आम्ही कॅशवर बसायचो, तोंडाला वास चालत नव्हता. पहिला म्हणाला, तू कॅशवर होतास कधी, तू तर क्लिअरिंगला. तिथून गाडी १९७८ सालच्या एका बिलावर गेली, ते कुणी दिलं होतं यावर. दोघांचेही आवाज चढले. काका मध्ये पडून सँडविचकडे लक्ष वेधत होते, पण बिलाची रक्कमच दोघांत जुळत नव्हती.

तिसरे गृहस्थ गप्प होते. त्यांनी सँडविच अर्धं खाऊन बशी खाली ठेवली, रुमालाने ओठ टिपले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंकडे बघून म्हणाले, “वहिनी, खरं सांगू का? मला हे काहीच आठवत नाही. मी तिकडे जातच नव्हतो. हा जायचा. मी याचा डबा खायचो.”

बिलाचा वाद थांबला.

“रोज?” काकूंनी विचारलं.

“सोमवार ते शनिवार. आमच्या हिचं तेव्हा माहेरपण, बाळंतपण, कायकाय चालायचं. पण वहिनी, तुमची ती भेंडी! आमसूल घातलेली, काचऱ्या अशा सुट्ट्या. तशी भेंडी मी नंतर जन्मात खाल्ली नाही.”

काकांनी नजर ग्रॅनाइटवर खिळवली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण काकूंच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं तो राग नव्हता. त्या आत गेल्या. फ्रिज उघडल्याचा, विळीचा, फोडणीचा आवाज आला. वीसेक मिनिटांत गरम पोळी आणि आमसुलातली भेंडी त्या गृहस्थांपुढे आली. बाकीच्यांना कुणी विचारलं नाही. गृहस्थांनी घास घेतला. डोळे मिटले. जबडा हलला, मग थांबला.

“सुरेख आहे,” ते म्हणाले. “पण डब्यातली वेगळी लागायची, वहिनी. जरा निवलेली, पोळीला डब्याचा वास लागलेला. ती नाही ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काकूंनी माळ्यावरून जुना तीन पुडांचा डबा काढून घासला, भेंडी-पोळी भरली, कडी लावली आणि एक वाजेपर्यंत काकांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.