वढूला सहकुटुंब रानवाट : काही सोप्या सूचना

रान, पाणथळ आणि तळं एकाच फेरीत पाहायचं असेल, तर पुणेकरांनी उगाच लांबची स्वप्नं बघू नयेत. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक गाठावं. निघायची वेळ पहाटे सहाची ठरवावी, म्हणजे साडेनऊला घराला कुलूप लागतं. वाटेतला एकमेव अवघड टप्पा म्हणजे वाघोलीचा चौक. तो ओलांडला की निम्मी मोहीम फत्ते. पुढे कोरेगाव भीमाहून आत वळायचं.

वढूत आधी छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन. तिथे थट्टामस्करी बंद, मोबाइलही बंद. फाल्गुन अमावास्येला, बलिदानदिनी आलात तर दर्शनच घ्या. त्या गर्दीत बदकं बघायचा हट्ट धरू नये.

मग भीमेचा काठ. इथलं अरण्य म्हणजे बाभळी, घाणेरी आणि ऊस. त्यातला ऊस सर्वांत घनदाट, आणि दरवर्षी अख्खाच्या अख्खा कारखान्याला जाणारा. त्यात बिबट्या राहतो, ही मात्र थट्टा नव्हे. हा सगळा पट्टा जुन्नर वनविभागातला. पोरांना पुढे पळू देऊ नका, उसाच्या कडेला एकटं सोडू नका आणि ऊन उतरायच्या आत गाडीत बसा.

तळ्याची व्याख्या सैल ठेवावी. जवळच तुळापूरला भामा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात. इंद्रायणी येताना पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येते आणि त्यावर जलपर्णी माजते. लांबून ती लॉनसारखी दिसते. फोटोसाठी बाबांना त्यावर उभं करू नये.

प्रत्येक घरात एक पक्षितज्ज्ञ काका असतात. उभा असेल तो बगळा, पोहत असेल ते बदक, एवढ्यावर त्यांचं शास्त्र भागतं. वाद न घालता दुर्बीण घेऊन बाजूला व्हावं. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके दिसले, तर ते हळदीकुंकू बदक. आत्याबाईंना आवर्जून दाखवावं. लांबच लांब गुलाबी पायांनी चिखल तुडवणारा तो शेकाट्या. आणि टिटवी डोक्यावर कलकलाट करत घिरट्या घालू लागली, तर समजावं की तिची अंडी उघड्या जमिनीवर, मावशींनी सतरंजी अंथरली आहे तिथेच कुठेतरी आहेत. सतरंजी ताबडतोब हलवावी. मावशी उठायला राजी होणार नाहीत. आधी दशम्यांचा डबा हलवावा.