फुकट ते पौष्टिक

विकत आणलेल्या पुस्तकाने मूल वाचनापासून लांब पळतं, असं माझं ठाम मत आहे. पैसे मोजलेले असतात ना! मग घरातला जो तो वसुलीला बसतो. ‘वाचलंस का? कुठवर आलं? काय शिकलास त्यातून?’ फुकटच्या पुस्तकामागे असला सावकार लागत नाही.

आमच्या घरावर हा प्रसंग यायची शक्यता तशी कमीच होती. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि साच्यावर उभे राहणारे बाबा घरी बसले. काळाचौकीत अर्ध्या चाळीचे बाबा घरी बसले. दळण उधारीवर, रॉकेल उधारीवर. नव्या पुस्तकांचा विषय काढायची छाती कोणाची? त्या जूनमध्ये चौथीची माझी पुस्तकं आली ती शाळेच्या पुस्तकपेढीतून. वरच्या वर्गात गेलेल्यांनी परत केलेली पुस्तकं खालच्या गरजूंना द्यायची, अशी ती पद्धत. माझ्या वाट्याला आला आमच्याच मजल्यावरच्या, एक इयत्ता पुढच्या मुलाचा संच. त्याला आपण बंड्या म्हणू. खरं नाव सांगितलं तर तो घरी येईल.

१९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे आपली ‘बालभारती’ स्थापन झाली. या संचात तिने जेवढं छापलं होतं, त्याच्या दीडपट बंड्याने लिहिलं होतं. कवींना दाढ्या, कवयित्रींना मिशा, इतिहासात अफझलखानाला चष्मा. महाराजांच्या चित्राकडे मात्र पेन्सिल फिरकलेली नव्हती; लालबाग-काळाचौकीत वाढलेल्या पोराला एवढी अक्कल उपजतच असते.

मराठीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर सूचना होती : ‘माझे नाव पाहायचे असेल तर पान ४७ पाहा.’ ४७वर ‘पान १२ पाहा’. १२वर ‘घाई नको, पान ८८’. ८८वर पुन्हा मागे. मी नाव शोधायला निघालो आणि वाटेत धडे आडवे आले. पान उघडावं तर गोष्ट ऐन मध्यावर असायची. मग तो राजा मुळात रडतोय कशासाठी, हे बघायला चार पानं मागे जावं लागे. बंड्याचं नाव काही सापडलं नाही, पण जून संपायच्या आत पुस्तक संपलं. बाईंनी आईला बोलावून मुलाची तब्येत ठीक आहे ना, असं विचारलं.

चटक लागली ती लागलीच. वस्तीतल्या मंडळाच्या मुक्तद्वार वाचनालयात ‘नवाकाळ’चा अंक एकच आणि संपामुळे वाचायला अख्खी गल्ली मोकळी. मोठी माणसं बाकावर, मी टेबलाच्या पलीकडे उभा. त्यामुळे नीळकंठ खाडिलकरांचे अग्रलेख मी कित्येक महिने उलटे वाचले. (साहेबाच्या टेबलावरची फाईल समोरून वाचण्याची विद्या मला पुढे नोकरीत फार उपयोगी पडली. ती कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.)

बाकीचं साहित्य वाण्याकडून येई, उधारीच्या डाळीसोबत. बालभारतीच १९७१पासून काढत असलेलं ‘किशोर’ मी असंच सुटं सुटं, पुड्यांच्या कागदावर वाचलं. एकदा तूरडाळीच्या पुडीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सापडला. तो सायकलवर टांग मारतो न मारतो, तोच पान संपलं. पुढचं पान शेंगदाणे घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलं असणार, हा माझा तर्क. मी दारात जाऊन म्हटलं, ‘काकू, शेंगदाण्याची पुडी बघू?’ काकूंना वाटलं, पोरगं भुकेलंय. त्यांनी ओंजळभर दाणे दिले आणि कागद बंबात घातला. वाचनाने पोट भरत नाही म्हणणाऱ्यांनी असल्या काकू पाहिलेल्या नसतात.

आता ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मी रात्री बसून वाचतो. सगळी पानं क्रमाने मिळतात. शेंगदाणे तेवढे पदरचे.

परवा अभ्युदयनगरच्या बसथांब्यावर बंड्या भेटला. पोट सुटलंय, बाकी तोच. मी भारावून म्हणालो, ‘अरे, मला वाचनाचं वेड लावलंस ते तू. त्या पुस्तकात तुझं नाव शोधता शोधता मी सगळे धडे वाचून काढले!’

बंड्या बराच वेळ आठवत राहिला.

‘च्यायला,’ तो म्हणाला, ‘त्यात धडे पण होते?’